नळ, दिवा, नदी आणि खड्डा : शहराची माहिती हीसुद्धा नागरी सुविधाच!

पाणी कोणत्या दिवशी येणार नाही, धरणातून किती विसर्ग सुटणार, समोरचा रस्ता नेमका कोणाचा, रात्री वायू गळाला तर फोन कुठे करायचा? रोजच्या जगण्यातल्या या प्रश्नांची उत्तरे शहरात उपलब्ध असतात, पण ज्याला हवीत त्याच्याकडे वेळेवर पोहोचत नाहीत. पुण्याच्या उदाहरणातून या प्रश्नाकडे पाहू.

पाणी आले, पण सूचना?

२५ जुलै २०२४ रोजी पहाटे पुण्यात सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी परिसरात मुठेचे पाणी शिरले. आदल्या रात्रीपासून धरणक्षेत्रात आणि शहरात मुसळधार पाऊस होता. खडकवासल्यातून सोडलेला विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात गेला होता. लोक जागे झाले तेव्हा वाहनतळातल्या गाड्या पाण्याखाली होत्या. तळमजल्यावरच्या कुटुंबांना अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडावे लागले. बचावासाठी लष्कराची मदत घ्यावी लागली. त्याच पावसात डेक्कन परिसरातील पुलाच्या वाडीत विजेचा धक्का बसून तिघांचा मृत्यू झाला.

त्यानंतर जे झाले ते नेहमीचेच. रहिवासी म्हणाले, आम्हाला वेळेवर कोणी सांगितले नाही. यंत्रणांमध्ये ‘आम्ही कळवले होते’ आणि ‘आमच्यापर्यंत आले नाही’ असा वाद रंगला. वाद कोणी जिंकला हे महत्त्वाचे नाही. विसर्गाचा आकडा एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात गेलाही असेल, पण तो ज्याच्या दारात पाणी येणार होते त्याच्यापर्यंत कामाच्या स्वरूपात गेला नाही, हे महत्त्वाचे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले त्या सकाळच्या गोंधळाच्या कहाण्या पुण्यातल्या जुन्या घरांत अजून सांगितल्या जातात. तेव्हा हातात मोबाइल नव्हते. आज प्रत्येकाच्या खिशात आहे. तरीही शेवटच्या शंभर मीटरवर माहिती अडते, याचा अर्थ अडचण तंत्रज्ञानाची नाही.

आकडा कळतो, अर्थ कळत नाही

‘खडकवासल्यातून इतके क्युसेक विसर्ग’ असा संदेश पावसाळ्यात प्रत्येक गटावर फिरतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर पाणी. म्हणजे ३५ हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला जवळपास दहा लाख लिटर. हे गणित समजले तरी नदीकाठच्या माणसाचा प्रश्न सुटत नाही. त्याचा प्रश्न साधा असतो : माझ्या इमारतीच्या वाहनतळात पाणी येईल का, आणि किती वाजता?

सामान्य पुणेकराचे खरे मोजमाप म्हणजे बाबा भिडे पूल. पूल पाण्याखाली गेला की नदी वाढली, एवढे त्याला कळते. ही लोकांनी स्वतः शोधलेली सोय आहे आणि ती उपयोगी आहे, कारण ती डोळ्यांना दिसते. प्रशासनाने याच धर्तीवर प्रत्येक पूरप्रवण वस्तीत भिंतीवर, विजेच्या खांबावर खुणा का करू नयेत? ‘अमुक विसर्गाला पाणी येथपर्यंत येते’ अशी रंगीत पट्टी. नदीची निळी पूररेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, हे बांधकाम परवानगी घेणाऱ्यांना ठाऊक असते. त्या रेषेच्या आत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाला मात्र घर घेताना कोणी सांगत नाही. नकाशावर आहे म्हणजे माहिती दिली, असे समजणे ही पळवाट आहे.

‘गुरुवारी पाणी नाही’ : पण कोणाकडे?

पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवण्याची प्रथा आता अंगवळणी पडली आहे. ‘शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने पाणी येईल’ हे वाक्यही पाठ झाले आहे. या सूचनेत पर्वती, वडगाव, वारजे, लष्कर, भामा आसखेड अशी जलकेंद्रांची आणि टाक्यांची नावे असतात आणि त्याखाली भागांची लांबलचक यादी. आपले घर कोणत्या टाकीवर आहे, हे किती जणांना सांगता येईल? बहुतेकांना एकच मार्ग ठाऊक असतो. चावीवाल्याला विचारायचे. तो सुट्टीवर असेल तर सोसायटीच्या सुरक्षारक्षकाला विचारायचे. त्यालाही माहीत नसेल तर टँकरवाल्याला फोन करायचा. माहितीची कमतरता अशी थेट खिशाला भिडते.

प्रश्न खर्चापुरताच राहत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. नांदेड, किरकटवाडी, धायरी या सिंहगड रस्ता परिसरातील भागांत ते मोठ्या प्रमाणात आढळले आणि तिथल्या पाण्याच्या स्रोतांकडे, विशेषतः नांदेडमधील विहिरीकडे, लक्ष गेले. खासगी टँकर आणि जलशुद्धीकरण केंद्रांच्या पाण्याचीही तपासणी झाली. नांदेड, किरकटवाडी ही गावे २०२१ मध्ये महापालिकेत आली. २०१७ मधली ११ आणि २०२१ मधली २३ गावे धरून शहराची हद्द झपाट्याने वाढली, पण ‘आपल्या नळाला येणारे पाणी धरणाचे की विहिरीचे, शुद्धीकरण प्रकल्पातून आलेले की नुसते क्लोरिन टाकलेले’ हे तिथल्या रहिवाशाला आजार पसरल्यावर वर्तमानपत्रातून कळले. पाणी उकळून प्या, हा सल्ला योग्यच. पण पाण्याचा स्रोत आणि तपासणीचा निकाल महिन्याला एकदा वस्तीच्या फलकावर लागला असता, तर उकळण्याचा निर्णय लोकांनी आधीच घेतला असता.

रस्ता एक, मालक अनेक

शहरातील सर्वांत अवघड कोडे म्हणजे रस्त्याची मालकी. गल्लीतला रस्ता महापालिकेचा. पुणे आणि खडकी कॅन्टोन्मेंटच्या हद्दीत छावणी मंडळाचा. नवले पुलावरून जाणारा महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, पण त्याला मिळणाऱ्या रस्त्यांची जबाबदारी वेगळी. काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे. मेट्रोचे काम चालू असेल तिथे आणखी एक संस्था येते, आणि तीही सगळीकडे एकच नाही. हिंजवडी ते शिवाजीनगर मार्ग ‘पीएमआरडीए’चा, बाकीचे मार्ग महामेट्रोचे. हिंजवडीत तर एमआयडीसी, ग्रामपंचायत, पीएमआरडीए आणि सार्वजनिक बांधकाम विभाग अशी वाटणी आहे आणि पलीकडे लगेच पिंपरी-चिंचवडची हद्द. लाखो लोक रोज जिथे कामाला जातात, तिथे पाऊस पडला की रस्त्यावर तळे साचते आणि तक्रार एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरते.

हा केवळ गैरसोयीचा मुद्दा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. भरपाई त्या रस्त्याला जबाबदार असलेल्या यंत्रणेने द्यायची. पण अपघातग्रस्ताच्या घरच्यांना रस्ता कोणाचा हेच माहीत नसेल, तर हक्क मिळूनही दार ठोठावायचे कोणाचे? म्हणून रस्त्याच्या दोन्ही टोकांना एक छोटा फलक हवा : रस्ता कोणाचा, काम कोणत्या वर्षी झाले, ठेकेदार कोण, दोषदायित्व कालावधी कधी संपतो, अभियंत्याच्या कार्यालयाचा क्रमांक कोणता. दोषदायित्वाच्या काळात खड्डा पडला तर तो ठेकेदाराने स्वखर्चाने बुजवायचा असतो. ही एक ओळ लोकांना वाचता आली, तर करदात्याचे पैसे दुसऱ्यांदा त्याच खड्ड्यात जाणे थोडे कठीण होईल.

विजेचेही असेच. रस्त्यावरचा दिवा महापालिकेचा, पण रोहित्र आणि वीजवाहिनी महावितरणची. तारेवर आलेली फांदी महावितरणला कळवायची, रस्त्यावर कोसळलेले झाड अग्निशमन दलाला, आणि उभे झाड छाटायचे तर महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी. परवानगीशिवाय झाड तोडणे हा १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. ही विभागणी तर्कशुद्ध आहे. ती फक्त कार्यालयाच्या आतून दिसते, बाहेरून दिसत नाही.

पोकळी राहिली की भामटे शिरतात

खरी माहिती सहज मिळत नाही तिथे खोटी माहिती आधी पोहोचते. ‘मागील महिन्याचे बिल अद्ययावत नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, या क्रमांकावर संपर्क साधा’ हा संदेश गेली काही वर्षे महाराष्ट्रभर फिरतो आहे. घाबरलेला ग्राहक फोन करतो, समोरचा एखादे अॅप उतरवायला सांगतो आणि खाते रिकामे होते. महावितरणने वारंवार सांगितले आहे की त्यांचे अधिकृत संदेश कोणाच्या वैयक्तिक मोबाइल क्रमांकावरून येत नाहीत. तरीही लोक फसतात. त्यांना भोळे म्हणून मोकळे होता येणार नाही. वीज कंपनीशी बोलण्याचा खरा मार्ग कोणता हे ज्याला पक्के माहीत नाही, तो समोर आलेल्या पहिल्या क्रमांकावर विश्वास ठेवणारच. ‘ग्राहक सेवा क्रमांक’ म्हणून इंटरनेटवर शोधताना पहिला दिसणारा क्रमांक भामट्याचा असू शकतो. वायू जोडणी, बँक, कुरिअर, सगळीकडे हीच तऱ्हा.

उपाय सोपा आहे : क्रमांक शोधायचा नाही, बिलावरचा घ्यायचा. पैसे गेलेच तर क्षणही न दवडता १९३० वर कळवायचे. हा सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. जितक्या लवकर फोन, तितकी रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता अधिक.

हे क्रमांक लिहून ठेवा

११२ : पोलीस, अग्निशमन, वैद्यकीय अशा कोणत्याही आणीबाणीसाठी एकत्रित क्रमांक.
१०१ : अग्निशमन दल. आग, झाडपडी, अडकलेली माणसे.
१०८ : आपत्कालीन रुग्णवाहिका. राज्यात ही सेवा २०१४ पासून आहे आणि मोफत आहे.
१०२ : गरोदर माता आणि नवजात बालकांसाठी रुग्णवाहिका.
१९१२ : वीजपुरवठ्याच्या तक्रारी. महावितरणच्या बिलावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक जवळ ठेवा.
१९०६ : घरगुती सिलिंडरमधून वायुगळती. नळाने येणाऱ्या वायूसाठी मात्र त्या कंपनीच्या बिलावरील आपत्कालीन क्रमांक लावा.
१९३० : सायबर आर्थिक फसवणूक.
१०९८ : संकटातील मुलांसाठी. १८१ : महिलांसाठी. १४५६७ : ज्येष्ठ नागरिकांसाठी.
१९१५ : राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन.
१३९ : रेल्वे प्रवासातील मदत.
१९१६ : मुंबईतील वाचकांसाठी, बृहन्मुंबई महापालिकेचा आपत्कालीन व नागरी तक्रारींचा क्रमांक.

वायू गळतोय अशी शंका आली तर आधी रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नका आणि घराबाहेर जाऊन फोन करा. हा क्रम क्रमांकाइतकाच महत्त्वाचा.

कायदा काय सांगतो?

माहिती देणे ही प्रशासनाची मेहेरबानी नाही. माहितीचा अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने १७ बाबींची माहिती कोणी न मागता स्वतःहून जाहीर करायची आहे. अधिकाऱ्यांची कर्तव्ये, निर्णयाची पद्धत, अंदाजपत्रक, सवलतींचे तपशील हे सारे त्यात येते. आपण मात्र माहितीचा अधिकार म्हणजे दहा रुपयांचा अर्ज एवढेच समजतो. अर्जाची वेळच येऊ नये, हा कायद्याचा मूळ हेतू होता.

दुसरा कायदा राज्याचा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. जन्मदाखला, विवाह नोंदणी, नळजोडणी, मिळकतकराचा उतारा अशा अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा या कायद्याने हक्क झाला. सेवा, शुल्क, मुदत आणि जबाबदार अधिकारी यांची यादी कार्यालयात फलकावर लावणे बंधनकारक आहे. मुदतीत काम झाले नाही किंवा अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत त्याच यंत्रणेतील वरिष्ठाकडे पहिले अपील, मग दुसरे आणि अखेरीस लोकसेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील करता येते. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५ हजार रुपये दंड होऊ शकतो. अर्ज दिल्यावर पोच आणि अर्ज क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोच नसेल तर मुदत मोजायची कुठून, हाच वाद होतो.

एक फरक लक्षात ठेवावा. हा कायदा अधिसूचित सेवांसाठी आहे. खड्डा, कचरा, गळती यांच्या तक्रारीसाठी महापालिकेची तक्रार यंत्रणा आहे. पुण्यात ‘पीएमसी केअर’सारखी सोय आहे. तिथेही तक्रार क्रमांक, छायाचित्र आणि जवळची खूण हे तीन तपशील असलेली तक्रार बंद करणे सोपे नसते. काम न होताच ‘निकाली’ असा शेरा आला तर तक्रार पुन्हा उघडा आणि क्षेत्रीय कार्यालयाला लेखी द्या. विजेच्या बाबतीत कंपनीने दाद दिली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल अशी पायरी आहे. याबद्दलची सूचना बिलाच्या मागे बारीक अक्षरांत असते, ती एकदा वाचून ठेवावी.

‘सगळे ऑनलाइन आहे की!’

या मागणीवर ठरलेले उत्तर मिळते : सगळे संकेतस्थळावर आहे, अॅपवर आहे, लोकच बघत नाहीत. या उत्तरात थोडे तथ्य आहे. सोसायटीच्या गटावर सकाळच्या शुभेच्छा आवर्जून पुढे पाठवणारे आपण पाण्याची सूचना मात्र वाचत नाही. पण मुख्य दोष तिथे नाही. संकेतस्थळावर माहिती विभागांच्या रचनेनुसार मांडलेली असते. नागरिकाच्या डोक्यात विभाग नसतो, पत्ता असतो. ‘मलनिस्सारण विभाग’ त्याला शोधायचा नसतो. ‘माझ्या गल्लीत चेंबर तुंबले आहे, कोणाला सांगू’ एवढेच विचारायचे असते. माहिती पत्त्यानुसार मिळाली पाहिजे. घराचा मिळकत क्रमांक टाकला की टाकी, पाण्याची वेळ, क्षेत्रीय कार्यालय, कचरागाडीची वेळ, पूररेषा, जवळचा दवाखाना आणि संबंधित अभियंत्याचे कार्यालय असे एक पान उघडावे. हे सारे तपशील महापालिकेकडे आहेतच, फक्त निरनिराळ्या कपाटांत आहेत.

आणि मोबाइल नसलेल्यांचे, नवख्यांचे काय? पुण्यात शिकायला आलेला लातूरचा विद्यार्थी, बांधकामावरचा परप्रांतीय मजूर, धुण्याभांड्यांची कामे करणाऱ्या बाया, भाडेकरू कुटुंब यांच्या नावावर मिळकतकराचे बिलच येत नाही. त्यांच्यासाठी रेशन दुकान, महापालिकेचा दवाखाना, अंगणवाडी आणि बसथांबा इथे मोठ्या अक्षरांतला मराठी फलक हवा. पुराची पहिली झळ नदीकाठच्या वस्त्यांना बसते आणि गटावरची सूचना तिथे सर्वांत शेवटी पोहोचते. हा क्रम उलटा करणे म्हणजेच नियोजन.

आता मागणी करण्याची वेळ का?

पुणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत जवळपास चार वर्षे प्रशासकांचा कारभार होता. नगरसेवक हा चांगला असो वा वाईट, तो प्रभागाची चालतीबोलती माहिती-खिडकी असतो. ती खिडकी बंद असताना लोकांना कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. आता सभागृह परत आले आहे. पण सारी माहिती नगरसेवकाच्या फोनवरच अवलंबून राहणे हेही बरे नाही. मग काम हक्काने होत नाही, ओळखीने होते. प्रभागाचे माहितीपान छापून घरोघर देणे, ते दर सहा महिन्यांनी अद्ययावत करणे आणि जलकेंद्रनिहाय सूचना किमान २४ तास आधी पाठवणे, ही मागणी नवनिर्वाचितांकडे पहिल्या वर्षातच करायला हवी. तिला मोठा निधी लागत नाही. कोणाला तरी जबाबदार धरावे लागते.

रहिवाशांच्या वाट्यालाही काम आहे. प्रत्येक सोसायटीने आणि वस्तीने एका व्यक्तीवर ‘सूचनांची खातरजमा’ ही जबाबदारी द्यावी. अधिकृत ठिकाणी पाहिल्याशिवाय विसर्गाचा, पाणीबंदचा वा साथीचा संदेश गटावर जाऊ नये. लिफ्टजवळच्या फलकावर वर्गणीची थकबाकी लावतो, तिथेच टाकीचे नाव, चावीवाल्याची वेळ, रोहित्र कुठे आहे आणि पूर आल्यास वरच्या मजल्यावर कोणत्या घरी जायचे हे लिहावे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नावे शेजाऱ्यांना माहीत असावीत.

माहिती नेमकेपणाने कशी पोहोचवायची, हे महापालिकेला कळत नाही असे मुळीच नाही. मिळकतकराचे बिल पाहा. नाव, पत्ता, रक्कम, शेवटची तारीख, आणि उशीर झाला तर दरमहा दोन टक्के शास्ती. सगळे अचूक आणि वेळेवर येते. घेण्याच्या बाबतीत जे जमते, ते देण्याच्या बाबतीतही जमले पाहिजे. त्याच बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पाणी, वीज, पूर आणि रस्ता या चार गोष्टींचे पत्ते छापण्यापासून सुरुवात करता येईल.